आईची खालची कवळी डबीतच पडून आहे, काय करावं?

माडाखालची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि लिहितेय ते आईसाठी.

आई ७१ वर्षांची. देवगड तालुक्यात गावी असते, घराला लागूनच काका-काकू आहेत. दिवाळीला ती आमच्याकडे डोंबिवलीला आली तेव्हा खालचे उरलेले सात दात हलत होते. जेवताना डोळ्यांत पाणी यायचं. ते काढून घेतले. वरचे सगळे आधीच गेलेले. तिकडे कलमांना मोहोर धरू लागला होता, फवारणी सुरू व्हायची होती, तिचा सगळा जीव बागेत. म्हणून दात काढल्यावर तीन आठवड्यांतच माप दिलं, वरची-खालची कवळी आली, दोन दिवस घालून बघितली आणि ती गाडीत बसली.

शिमग्याला गावी गेले तर खालची कवळी स्टीलच्या डबीत, तांदळाच्या डब्यामागे ठेवलेली. वरची घालते, तीही कोणी आलं-गेलं तर. सकाळ-संध्याकाळ पेज, नाहीतर आमटीत कुस्करलेला भात. आमच्यासाठी तारल्यांचं तिखलं केलं आणि स्वतःच्या ताटात नुसता रस वाढून घेतला. ते बघून माझा घास उतरेना. ब्लाउज खांद्यावरून उतरतायत इतकी वाळलीय.

विचारलं तर म्हणाली, "माका नको ती. तोंडात धोंडो घेतल्यासारखां वाटता."

घरात दोन मतं आहेत. भाऊ म्हणतो दुसरीकडून नवी करून घेऊ. वहिनी म्हणते इम्प्लांट करू, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सगळा त्रास संपेल. आई म्हणते, कशाला खर्च, माझं चाललंय. मला यातलं काहीच कळत नाही. तुमच्या घरी कोणी कवळी वापरत असेल तर प्लीज लिहा.

खाडीकाठ

ताई, मी नऊ वर्षं दोन्ही कवळ्या वापरतोय. वय ६८, गाव राजापूर तालुक्यात. पहिले तीन महिने मीही खालची काढून ठेवायचो. आईंना सांगा, वरचीसारखी खालची घट्ट बसेल ही अपेक्षाच ठेवायची नाही. ती बसत नसते, तिला सांभाळायला शिकावं लागतं. मासे खाण्याबद्दल सविस्तर लिहितो, आत्ता बाजारात निघालोय.

दंतवैद्य_तळकोकण

मी सिंधुदुर्गात दवाखाना चालवतो. तोंड न बघता निदान करणार नाही, पण आधी एवढं सांगा:

नेमकं कुठे दुखतं, एका जागी की सगळीकडे? बोलताना उचलते की फक्त चावताना? तोंड कोरडं पडतं का? बीपी, साखर, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या, यातलं काय चालू आहे? मिश्री लावतात का? आणि कवळी मिळाल्यावर त्या डॉक्टरांकडे पुन्हा किती वेळा गेल्या?

माडाखालची

डॉक्टर, आत्ताच फोन करून विचारलं. डावीकडे आतल्या बाजूला टोचतं. बोलताना उचलते, चावताना सरकते. बीपीची गोळी आहे, साखर नाही, हाडांची गोळी नाही. तोंड रात्री कोरडं पडतं म्हणाली. मिश्री लावायची, तीस-पस्तीस वर्षं. आता सोडलीय म्हणते.

पुन्हा एकदाही गेली नाही. कवळी घेतली की काम झालं, असंच आम्हाला वाटलं होतं.

दंतवैद्य_तळकोकण

तुमच्या शेवटच्या ओळीतच बहुतेक उत्तर आहे. दोष तुमचा नाही, हे सांगायला हवं होतं ते कुणी नीट सांगितलं नसणार. जरा लांबण लावतो.

दात काढला की त्याला धरून असलेलं हाड झिजायला लागतं, कारण त्या हाडाला आता काम उरत नाही. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांत जोरात होते, वर्षभरानंतर मंदावते, पण थांबत कधीच नाही. टालग्रेन नावाच्या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांची मापं पंचवीस वर्षांच्या काळात घेतली होती. १९७२ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांत खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. आता तुमच्या आईंचं बघा. तीन आठवड्यांत माप घेतलं, तेव्हा जखमा नुकत्या मिटत होत्या. त्या मापाची कवळी त्या दिवशी बरोबर होती. आज चार-पाच महिन्यांनी खालची हिरडी तशी राहिलेली नाही. कवळी आहे तशीच आहे, तिच्याखालची जमीन खचलीय.

वरची का टिकते? तिला अख्खी टाळू मिळते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडा सगळीकडून बंद असतात. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात, तसं ते धरतं. खालची घोड्याच्या नालासारखी. टेकायला जागा वरच्याच्या जवळजवळ निम्मी, मधे जीभ सतत हलणारी, बाजूने गाल आणि ओठ. ती चिकटत नाही, जीभ आणि गाल तिला धरून ठेवायला शिकतात. या शिकण्याला सहा-आठ आठवडे लागतात, आणि ती तोंडात असेल तरच ते घडतं. डबीत ठेवलेल्या कवळीची सवय होत नाही.

म्हणून नवी करायची घाई करू नका. आधी आहे तीच दाखवा. टोचते ती जागा दोन-चार मिनिटांत घासून देता येते. ढिली झाली असेल तर तिला आतून अस्तर घालता येतं, त्याला आम्ही रीलाइनिंग म्हणतो. तात्पुरतं मऊ अस्तरही असतं, दुखरी हिरडी त्याने शांत होते. खालचे दात जाऊन आता पाच महिने होत आले, म्हणजे अस्तरासाठी वेळ बरी आहे.

एक गोष्ट नक्की पाळा. दवाखान्यात यायच्या आदल्या दिवसापासून, निदान त्या सकाळपासून तरी कवळी घालायला सांगा. टोचल्याची लाल खूण हिरडीवर दिसली तर नेमकी तीच जागा घासता येते. लोक दुखतं म्हणून चार दिवस काढून ठेवतात आणि मग येतात, तोवर खूण गेलेली असते. मग अंदाजाने कुठे घासणार? आणि घरी कानस, पॉलिश पेपर काहीही लावू नका.

मिश्रीचं विचारलं त्याला कारण आहे. कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, यातलं काहीही दिसलं तर "कवळी लागली असेल" म्हणून सोडायचं नाही. तंबाखू लावलेल्या तोंडात ते कर्करोगाचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. मिश्री सोडली असली तरी एकदा पूर्ण तोंड तपासून घ्या.

सुरंगीवळेसर

डॉक्टर, "खालची जमीन खचली" हे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर.

आमच्याकडे झालेले दोन घोटाळे सांगते, दुसऱ्यांना उपयोगी पडतील. सासूबाईंनी कवळी स्वच्छ व्हावी म्हणून चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी तिच्यावर ओतलं. वाकली. परत बसलीच नाही. नवी केली, ती न्हाणीत धुताना हातातून सटकून काळ्या फरशीवर पडली, बरोबर मधोमध दोन तुकडे. मिस्टरांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडली, तर एक बाजू किंचित वर राहिली आणि हिरडीला फोड आला.

दंतवैद्य_तळकोकण

सुरंगीताई, बरं केलंत लिहिलंत. तुकडे सगळे जपून आणले तर लॅबमध्ये बहुतेक वेळा नीट जोडून मिळते. गोंद लावला की तुकडे नेमके जुळवता येत नाहीत, शिवाय तो तोंडात घालायचा पदार्थ नव्हे.

धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं किंवा टब ठेवा, नाहीतर जाड टॉवेल अंथरा. हात ओले आणि साबणाचे असतात, ती निसटणारच. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. दंतमंजन, राखुंडी, खरखरीत टूथपेस्ट नको. ॲक्रिलिकवर, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकवर, बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी धरते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं. हिरडीला रात्रीची विश्रांती हवी. रात्रंदिवस घालणाऱ्यांची टाळू लालभडक झालेली मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. दुखत नाही, म्हणून त्यांना पत्ताच नसतो. कवळी नसताना हिरड्या आणि जीभही मऊ ओल्या कापडाने पुसून घ्याव्यात.

पाणंदवाट

आमच्या गावाकडे आठवडा बाजारात एक माणूस बसायचा. कवळी, सुटा दात, सगळं तासाभरात. माझ्या चुलत्यांनी पुढचे दोन दात त्याच्याकडून "पक्के" बसवून घेतले. स्वस्तात झालं, काढा-घालायची कटकट नाही, म्हणून खूश होते. दोन वर्षांत शेजारचे चांगले चार दात हलायला लागले. आता सहा नाहीत.

दंतवैद्य_तळकोकण

पाणंदवाट, असे रुग्ण माझ्याकडेही येतात. ते पटकन घट्ट होणारं ॲक्रिलिक हिरडीवर आणि शेजारच्या दातांवर थापतात, कधी तारेने बांधतात. त्याखाली ब्रश पोचत नाही, अन्न कुजतं, हाड खाल्लं जातं. काढता-घालता येणारी वस्तू स्वच्छ करता येते, हा तिचा मोठा गुण आहे. लोकांना तीच गैरसोय वाटते.

ज्यांचे काहीच दात गेलेत त्यांच्यासाठी अर्धवट कवळी असते. ॲक्रिलिकची, नाहीतर कोबाल्ट-क्रोमच्या पातळ धातूच्या सांगाड्याची. शेजारचे दात भक्कम असतील तर ब्रिज, म्हणजे त्यांच्या आधाराने मधे पक्का बसवलेला दात. कुठल्याही नोंदणी असलेल्या दंतवैद्याला दाखवा, पण शेजारच्या चांगल्या दाताचा बळी देऊन गेलेला दात भरून काढू नका.

खाडीकाठ

आलो. आता माशांचं.

वरची कवळी टाळू झाकते. आपण कोकणातली माणसं काटा ओळखतो ते निव्वळ दातांनी नव्हे. जीभ घास टाळूवर दाबते, आणि केसासारखा काटासुद्धा तिथे लागतो. कवळी आली की टाळूला काही कळत नाही. पहिल्याच महिन्यात तारलीचा काटा माझ्या घशात रुतला. सुका भात गिळ, केळं गिळ, सगळे घरगुती उपाय केले, शेवटी रत्नागिरीला जाऊन डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागला. कवळीवाल्यांना असं जास्त होतं, हे त्यांनीच सांगितलं. गिळून ढकलायला जाऊ नका, काटा आणखी आत रुततो, असंही बजावलं.

तेव्हापासून मी क्रम ठरवला. आईंना हाच सांगा. पहिले पंधरा दिवस मासे नकोत. मऊ भात, पेज, आंबोळी सोलकढीत बुडवून, उकडलेलं अंडं, शहाळ्याची मलई. मग मोरी, म्हणजे लहान शार्क. तिला कूर्चा, म्हणजे मऊ हाडं असतात, बारीक काटे नसतात. मग ताजे बोंबील. मग सुरमईची तुकडी, मधला काटा काढून. पापलेट. मुडदुशी घरातल्या कुणीतरी निवडून दिली तर. बांगडा मी सहा महिन्यांनी खाल्ला, तोही उजेडात बसून, प्रत्येक घास बोटांनी चाचपून. पेडवे, तारल्या, भिंग या वाटेला मी अजून जात नाही. तिखल्याचा रस मात्र सोडत नाही.

घास छोटा. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, तोडलं की मागची बाजू उचलते. घास दोन भागांत करून दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. आपले दात एका बाजूने चावतात, कवळीला ते चालत नाही. वडे हाताने तोडून रश्श्यात भिजवून. फणस बरका, कापा नाही.

आणि गरम पेज! टाळूला चटका कळत नाही, घशात गेल्यावर कळतो. ओठाला लावून बघायची सवय लावा.

चव गेली असं त्यांना वाटेल. मलाही वाटलं. सोलकढी पाण्यासारखी लागायची. महिन्या-दोन महिन्यांत परत आली.

माडाखालची

काका, हे सगळं मी मोठ्या अक्षरात वहीत लिहून काकूकडे दिलं. आई स्वतः वाचतेय. मोरीचं वाचून म्हणाली, "ह्यां माझ्या ध्यानातच इला नाय."

रातांबे

आमचे बाबा भजनी मंडळात गातात. कवळी आल्यावर गजराला वरचा सूर लावला की वरची खाली यायची. गणपतीत सात घरं भजनाला जायचं, त्यांनी जाणंच बंद केलं. कुणाला कारण सांगेनात, घसा बसलाय म्हणायचे. आम्हाला वाटलं वय झालं.

शेवटी डॉक्टरांनी बघितलं तर मागची कडा टाळूवर नीट दबत नव्हती, तोंड मोठं उघडलं की तिथून हवा शिरायची. ती कडा दुरुस्त केली. त्यांनी एक अभ्यासही दिला: रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचं. सुरुवातीला "स", "श", "फ" बोबडे येतात. बाबा सकाळी हरिपाठ मोठ्याने म्हणायचे. तीन आठवड्यांत शब्द स्वच्छ झाले. यंदा ते पुन्हा पखवाजाशेजारी बसले.

माडाखालची, आई माणसांत जायचं टाळतायत का, तेही बघा.

माडाखालची

हो. हळदीकुंकवाला गेली नव्हती. मला आत्ता लक्षात येतंय.

पाणंदवाट

इम्प्लांटचं कुणीच बोललं नाही. ७१ व्या वर्षी करावं का?

दंतवैद्य_तळकोकण

वय आड येत नाही. साखर ताब्यात हवी, हाड पुरेसं हवं, तंबाखू बंद हवी, आणि हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर आधी सांगायला हवं.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे ब्रोनेमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १९५२ साली लक्षात आलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात त्यांनी ते बसवलं. आज प्रत्येक दातासाठी एक स्क्रू लागतो असा समज आहे, तसं नाही. खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाती जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी असं मत दिलं. मलाही ते पटतं. ती कवळी काढून धुता येते आणि चावताना सरकत नाही. खर्च मात्र साध्या कवळीच्या कितीतरी पट, आणि हाड धरायला साधारण तीन महिने थांबावं लागतं.

माडाखालची, वहिनींचा विचार चुकीचा नाही, त्याची पाळी नंतर. आधी अस्तर, मग दोन महिने रोज वापर. तरी जमलं नाही तर हा दरवाजा उघडा आहे. साधी कवळीसुद्धा नैसर्गिक दातांच्या साधारण पाव ताकदीनेच चावते. पण डबीतली कवळी काहीच चावत नाही.

आणि ज्यांचे खालचे एक-दोन सुळे अजून मजबूत आहेत त्यांनी "सगळेच काढून टाका" म्हणू नये. मुळाचा उपचार करून तो दात हिरडीपाशी कापून त्यावर कवळी बसवता येते. मूळ राहिलं की तिथलं हाड राहतं.

सुरंगीवळेसर

खर्चाचं राहिलं म्हणून लिहिते. सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय जवळ पडतं, मुंबईत असाल तर नायर दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी खाजगीच्या मानाने पुष्कळ कमी पैसे लागतात, पण फेऱ्या जास्त होतात, तेवढा वेळ काढून जा. आणि केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना द्यायच्या वस्तूंमध्ये काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कृत्रिम दातही आहेत. २०१७ पासून आहे. शिबिरं लागतात, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करायची.

नवी करत असाल तर फेऱ्यांचा हिशोब आधी करा. सासूबाईंच्या दुसऱ्या वेळी पाच फेऱ्या झाल्या. आधी कच्चं माप, मग पक्कं माप, मग मेणाच्या पट्ट्यांवर जबडा मिटताना किती उंची ठेवायची ते, मग मेणात लावलेले दात घालून बघणं, मग तयार कवळी. चौथ्या फेरीला घरचं कुणीतरी बरोबर जा. दात मेणात असतात तेव्हाच रंग, लांबी, हसताना किती दिसतात ते बदलता येतं. त्यानंतर नाही.

दंतवैद्य_तळकोकण

आणि सुरंगीताईंच्या पाचनंतर आणखी दोन-तीन तपासण्या धरूनच चालायचं. चाकरमानी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. आई-वडिलांचे दात मुंबईत करून त्यांना लगेच गावी धाडू नका. एकतर महिनाभर ठेवून घ्या, नाहीतर गावाजवळच करा. पुढचं टोचणं, घासणं, अस्तर हे सगळं जिथे माणूस राहतो तिथेच व्हायला हवं.

माडाखालची

दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

काकांनी आईला कणकवलीला एका दवाखान्यात नेलं. आदल्या दिवसापासून तिने कवळी घातली होती, रडकुंडीला आली होती, पण घातली. डावीकडे आत लाल खूण स्पष्ट दिसली. तोंड पूर्ण तपासलं, चट्टा वगैरे काही नाही. त्या दिवशी घासून मऊ अस्तर घातलं, तीन आठवड्यांनी पक्कं अस्तर. डॉक्टरांनी पैसे सांगितले तेव्हा आईच म्हणाली, इतकेच? तिला नव्या कवळीची धास्ती होती.

रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती मोठ्याने पोथी वाचते. काकू म्हणते पहिल्या आठवड्यात काही कळायचं नाही, आता पडवीतून ऐकू येतं. तोंड कोरडं पडतं म्हणून घालण्याआधी कवळी ओली करते आणि मधे मधे घोट घोट पाणी पिते.

मे महिन्यात मी गेले तेव्हा तिने मोरीचं मटण केलं आणि स्वतःच्या ताटात तुकड्या वाढून घेतल्या. मी काही बोलले नाही, बघत बसले. दुसऱ्या दिवशी बरका फोडला. गरे खाताना खालची एकदा उचलली. तिने जिभेने दाबून बसवली आणि पुढचा गरा घेतला.

वडे अजून जमत नाहीत. डावीकडे पुन्हा किंचित टोचतंय म्हणाली, म्हणून बुधवारी परत कणकवली. कवळी मंगळवारपासून घालून ठेव असं सांगायला फोन केला, तर म्हणाली, "काढलंयच कोणी?"